चपला वळवून ठेवणारे काका

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. घरी गेले तर आधी चहा होईल, मग कोणाचा तरी फोन येईल, आणि झोपेपर्यंत मी स्वतःला छान पटवून देईन की एवढं काही झालेलं नाही. म्हणून घरी जायच्या आधी, इथेच बिबवेवाडीत, रसवंतीसमोर स्कूटर स्टँडवर लावून टाइप करतेय. रस घेतलाय पण पीत नाहीये. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

काकांच्या गेटवरची पाटी बदललीये.

तुम्ही म्हणाल, मग? पुण्यात पाटी बदलणं ही काय बातमी झाली. झाली. ऐका तरी.

काका म्हणजे आमचे जुने घरमालक. मी आणि माझी रूममेट स्नेहल, आम्ही दोघी जवळजवळ दोन वर्षं त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो. खाली काका-काकू, वर आम्ही, समोर पोर्च, पोर्चमध्ये एक जुनी पांढरी व्हॅन आणि मग गेट. आणि गेटवर काकांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी, निळ्या अक्षरांत: "अडचण असेल तर गाडी इथे जरूर लावा. आत सांगून ठेवलंत तर बरं होईल."

आम्ही पहिल्यांदा खोली बघायला आलो तेव्हा स्नेहल ती पाटी वाचून म्हणाली, "हा सापळा आहे. गाडी लावली की आतून म्हातारा काठी घेऊन येणार." म्हातारा आला, पण हातात पाण्याचे दोन ग्लास होते. "उन्हातून आलात," म्हणाले. "आधी पाणी घ्या. खोली नाही आवडली तरी चालेल, पाणी घ्या."

तर ती पाटी वाचून अख्खी गल्ली तिथे गाडी लावायची. दवाखान्यात आलेले, पोरांना क्लासला सोडायला आलेले, समोरच्या सोसायटीतले पाहुणे. आत येऊन सांगायचं मात्र कोणीच नाही. पाटीवरचं पहिलं वाक्य सगळ्यांना वाचता यायचं, दुसरं कोणालाच नाही. आणि काकूंना आठवड्यातून तीन दिवस, मंगळ-गुरु-शनि, डायलिसिस असायचं. पावणेसातला व्हॅन गेटबाहेर पडलीच पाहिजे, साडेसातला काकू मशीनवर. उशीर झाला की सेंटरवाले ते मशीन पुढच्या पेशंटला देऊन टाकतात, त्यांचाही नाइलाज असतो. म्हणजे काय, की त्या घरात गेट मोकळं असणं ही चैन नव्हती. काकूंचा जीव आठवड्यातून तीनदा त्या गेटमधून बाहेर जाऊन परत यायचा.

आणि त्याच गेटवर ती पाटी.

"आमच्या ह्यांच्यामुळे," काकू म्हणायच्या, "निम्म्या बिबवेवाडीची अडचण सुटलीये. उरलेली निम्मी माझ्याकडे आहे."

काकू एकदम बारीक, आवाज मात्र खणखणीत. पाणी मोजून प्यायची परवानगी, म्हणून तोंडात बर्फाचा खडा ठेवून बोलायच्या. तरी शब्द एकेक स्वच्छ पडायचा.

चपलांचं सांगते, कारण काका म्हटलं की मला आधी चपला आठवतात. राहायला गेल्यावर तीन-चार दिवसांत लक्षात आलं की आम्ही जिन्याखाली चपला कशाही भिरकावून वर जातो, आणि सकाळी त्या जोडीने, शहाण्यासारख्या, गेटकडे तोंड करून उभ्या असतात. म्हणजे पाय घातले की सरळ चालू लागायचं. कोणीतरी रोज वळवून ठेवतंय. स्नेहल म्हणाली, "आपल्याला निघा म्हणतायत. इथली पद्धत असेल, तोंडाने नाही सांगत." मी यवतमाळकडची, मला काय माहीत इथली पद्धत. आठवडाभर आम्ही खरंच दुसरी खोली शोधत होतो. शेवटी मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "मला काय विचारतेस, मी नुसती बायको आहे. त्यांनाच विचार."

काका एवढे ओशाळले की मलाच कसंतरी झालं. "सकाळी तुम्ही घाईत असता हो," म्हणाले. "चप्पल उलटी असली की गर्रकन वळावं लागतं. तेवढंच आपलं." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "आमच्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. मला तेवढं जमायचं नाही, आणि तुम्ही मुली काही पाय पुढे करणार नाही. म्हणून मग चपला."

यापेक्षा जास्त ते धर्माबद्दल कधी बोललेले मला आठवत नाही. रविवारी दोघं चर्चला जायचे, फोन उचलला की "जय ख्रिस्त" म्हणायचे, नाताळात करंज्या आणि चिवडा आम्हाला डबा भरून द्यायचे. बास. बाकी सगळं चपलांसारखं, न बोलता. गॅसवाला सिलिंडर घेऊन आत गेला की त्याचे बूट वळलेले. मीटर बघायला आलेल्या माणसाचे वळलेले. काकूंना बघायला येणारी त्यांची बहीण वैतागून म्हणायची, "भाऊजी, मी आत्ताच आलेय, बसू द्याल की नाही?"

आणि सगळ्यांना अहो-जाहो. आम्ही चोवीस वर्षांच्या, आम्हालाही. दारात एक पिवळं कुत्रं झोपायचं, त्यालाही. खोटं वाटेल, पण मी या कानांनी ऐकलंय, व्हॅन काढताना ते वाकून त्या कुत्र्याला म्हणाले, "अहो, जरा सरकता का? आम्हाला उशीर होतोय." व्हॅनमधून काकू म्हणाल्या, "त्याला आधी चहा विचारा."

दुधाचं तर विचारूच नका. पहाटे गेटला पिशवी अडकवायचे, त्यातली एक दुधाची पिशवी रोज कोणीतरी न्यायचं. आमच्या यवतमाळला कोणी असं केलं असतं तर माझ्या बाबांनी लपून बसून पकडलं असतं. काकांनी काय केलं, तर अर्धा लिटर जास्त लावलं. "त्यांनाही कुठेतरी जागा हवीच ना" हे त्यांचं वाक्य होतं, सगळ्याला तेच. गाडी लावणाऱ्याला तेच, कुत्र्याला तेच, दूधचोरालाही तेच. दूध चोरायला जागा कशाला लागते, हे मी त्यांना विचारलं नाही. काकूंनी विचारलं होतं बहुतेक.

हसू येतंय ना? मलाही यायचं. मी ऑफिसमध्ये रोज यांचे किस्से सांगायचे आणि लोक जेवताना ठसकायचे.

बरं, त्यांचं काम. काका पेंटर. म्हणजे घरं रंगवणारे नाही, अक्षरं रंगवणारे. दुकानांचे बोर्ड, नावाच्या पाट्या, "येथे थुंकू नये" वगैरे. फ्लेक्स आले आणि धंदा बसला, पण गेटवरच्या पाट्यांसाठी लोक अजून त्यांच्याकडेच यायचे, कारण त्यांचं अक्षर. पत्र्यावर ब्रश टेकवला की असं वाटायचं की ते अक्षर आधीपासून तिथे होतंच, काका फक्त वरची धूळ पुसतायत. त्यांच्या पोर्चमध्ये एक लाकडी घोडा होता, त्यावर पत्रा ठेवून रंगवायचे, आणि शेजारी टर्पेंटाइनचा डबा.

आता गंमत बघा. या गल्लीतल्या, पुढच्या गल्लीतल्या, सगळ्या खवचट पाट्या यांच्याच हातच्या. दुनियेला हाकलणाऱ्या पाट्या रंगवून हा माणूस पोट भरायचा, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाशी हळू आवाजात घासाघीस करायचा. पैशांची नाही, शब्दांची. एकदा पलीकडच्या बंगल्यातले रिटायर्ड साहेब आले, मी जिन्यावर केस वाळवत होते. साहेबांनी कागद पुढे केला: "गाडी लावल्यास चाकातली हवा सोडण्यात येईल."

काकांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "साहेब, 'कृपया'पासून सुरू केलं तर?"

"हवा कृपया सोडायची?"

"नाही, म्हणजे 'कृपया गाडी लावू नये, आमची अडचण होते' असं."

"पेंटर, तुम्ही अक्षर काढायचं. अडचण काय ते मी बघतो."

"हवा सोडली तर तो माणूस जाणार कसा हो? म्हणजे गाडी अजूनच तिथे राहणार."

हे लॉजिक बरोबर होतं. साहेबांनी स्वतःचाच कागद परत एकदा वाचला. मग म्हणाले, "मुद्दा तो नाहीये."

पाटी साहेबांच्या मनासारखीच झाली. पण अगदी वरच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं, काकांनी "कृपया" लिहिलंच. दुसऱ्या दिवशी साहेब परत आले, खरवडून घेतलं, आणि गेले. गेल्यावर काका ब्रश धुवायला बसले. धूत होते, धूत होते. ब्रश स्वच्छ झाला तरी धूत होते.

काकू खिडकीतून मला म्हणाल्या, "रागावलेत."

मी म्हटलं, "काका? रागावलेत?"

"तुला काय वाटलं, त्यांना राग येत नाही? लग्नात माझ्या भावाच्या अंगावर रंगाचा डबा फेकला होता. जानोसा गुलाबी झाला. तो माणूस आहे हा. आता राग आला की ब्रश धुतात. जेवढा राग तेवढे ब्रश."

मी नंतर काकांना विचारलं, की तुम्ही ख्रिश्चन आहात म्हणून असे शांत आहात का. ते मनापासून हसले. "उलट आहे. मी मूळचा फार वाईट माणूस आहे हो. रोज सकाळी उठून नव्याने प्रयत्न करायला लागतो. एखाद्या दिवशी जमतं." मला वाटलं, विनय चाललाय. विनय नव्हता. तो खरंच रोजचा प्रयत्न होता, आणि प्रयत्नाला मर्यादा असते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटायचं नळाला पाणी येतं तसा त्यांचा चांगुलपणा येतो. सोडला की येतो.

काकूंना मात्र माहीत होतं. एका गुरुवारी गेटसमोर कोणाची तरी मोठी गाडी होती, काका घरोघरी जाऊन "माफ करा, ही गाडी आपली आहे का" विचारत होते, आणि काकू व्हॅनमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. मी ऑफिसला निघाले होते. मला म्हणाल्या, "प्रभूने स्वतःचा क्रूस स्वतः उचलला. ह्यांचा अर्धा माझ्या खांद्यावर असतो." असं म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून मीही हसले आणि बसस्टॉपला गेले. त्या दिवशी त्या पंचवीस मिनिटं उशिरा पोचल्या, सेंटरवाल्यांनी कसंबसं घेतलं. चार तासांच्या जागी साडेतीन.

त्या पाटीवरून दोघांचं बोलणं व्हायचं. एकदा तर काकू स्पष्ट म्हणाल्या, "अहो, नम्र व्हायचं तर देवासमोर व्हा. गेटसमोर कशाला?" काका म्हणाले, "मी उद्या बदलतो." उद्या पाटी तशीच. फक्त दुसऱ्या वाक्याची अक्षरं जरा मोठी केलेली.

आता तो शनिवार. हे टाळत टाळत इथपर्यंत आलेय.

माझा मावसभाऊ दोन दिवसांसाठी बंगलोरला जाणार होता, त्याने शुक्रवारी संध्याकाळी गाडी माझ्याकडे आणून ठेवली. गल्लीत जागा नव्हती. मी काकांना विचारलं, गेटसमोर लावू का. हो, मी विचारलं, मी त्या बाकीच्यांसारखी नव्हते, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते.

"लावा की," काका म्हणाले. "उद्या शनिवार आहे. सकाळी तुम्ही असाल ना घरी?"

"हो हो, आहे ना. किल्ली माझ्याकडेच आहे. बेल मारा, मी येते खाली."

आणि मग आठ वाजता स्नेहलच्या ऑफिसच्या ग्रुपचा प्लॅन झाला. सिंहगड. पहाटे पाचला निघायचं, त्यांच्याच गाडीतून. मी उड्या मारत हो म्हटलं. पाचला आम्ही खाली उतरलो, चपला घातल्या, गेटकडे तोंड करून उभ्या होत्याच, आणि गेलो. किल्ली माझ्या पर्समध्ये.

काकू बरोबर साडेसहाला व्हॅनमध्ये बसल्या. काका वर आले आणि आमचं दार वाजवलं. हे मला काकूंनी नंतर सांगितलं. दार वाजवलं, पण हळूच. शनिवारी मुली झोपतात, दचकतील, म्हणून बोटाच्या पेराने, हळूच. थोडं थांबायचे, परत हळूच. वीस मिनिटं तो माणूस एका रिकाम्या खोलीचं दार हळू हळू वाजवत उभा होता, आणि खाली बायको मशीनची वाट बघत बसलेली.

मग त्यांनी मला फोन केला. दोन रिंग वाजल्या आणि कट झाला.

"दोनच," काकू म्हणाल्या. "तिसरी त्यांना जड झाली."

रिक्षा अ‍ॅपवर मिळेना. मिळाली ती गल्लीच्या तोंडाशी थांबली, आत यायला नाही म्हणाली. काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून काका आणि इस्त्रीवाल्याने तिथपर्यंत उचलून नेलं. सेंटरला पोचले तेव्हा पावणेनऊ वाजले होते. मशीन लागलं होतं दुसऱ्याला. रविवारी सेंटर बंद. सोमवारी सकाळी या, म्हणाले. म्हणजे गुरुवारनंतर थेट सोमवार.

मी अकराला परत आले. हातात पिशवी होती, गडावरून काका-काकूंसाठी भाजलेली कणसं आणली होती. कणसं, म्हणजे मीठ लावलेली. डायलिसिसच्या पेशंटला. व्हॅन पोर्चमध्ये, मी लावलेली गाडी गेटसमोर, काकू खुर्चीत, पाय सुजलेले. आणि काका कोपऱ्यात बसून ब्रश धूत होते. त्या आठवड्यात त्यांच्याकडे एकही पाटी नव्हती. तरी घरातले सगळे ब्रश, बारीक, जाड, जुने झडलेले, सगळे धुऊन वर्तमानपत्रावर रांगेने मांडलेले. मी मोजले नाहीत. पेपरची दोन्ही पानं भरली होती.

त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "माझंच चुकलं हो. मी काल परत एकदा नीट विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, "सॉरी काका, गडावर नेटवर्कच नव्हतं."

नेटवर्क होतं.

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही, स्नेहललाही नाही. फोन आला तेव्हा तो माझ्या हातातच होता, मी सूर्योदयाचे फोटो बघत होते. दोन रिंग झाल्या, नाव दिसलं, कट झाला. मी विचार केला, महत्त्वाचं असेल तर परत करतील. आणि त्याच्याही आधी, पहाटे घाट चढताना, मला गाडी आठवली होती. स्पष्ट आठवली होती. तेव्हा पावणेसहा झाले असतील, परत फिरता आलं असतं, रिक्षाने येता आलं असतं. पण सगळे गाणी म्हणत होते, आणि माझ्या मनात आलं, काका काही म्हणणार नाहीत. हेच शब्द. करतील काहीतरी, काका काही म्हणणार नाहीत.

आणि खरंच ते काही म्हणाले नाहीत.

रविवारी संध्याकाळी काकूंना श्वास घेता येईना. दवाखान्यात नेलं, पाच दिवस ठेवलं. मी भेटायला गेले तर काकू नाकाला नळी लावलेल्या, तरी म्हणाल्या, "ये. पार्किंग मिळालं का?" मला रडू फुटलं. त्यांनी माझा हात धरला, आणि तेव्हाच त्यांनी ते वीस मिनिटांचं आणि दोन रिंगांचं सांगितलं. मला दोष देत नव्हत्या खरं तर. काका बाहेर बाकावर बसले होते, दाराकडे बघत म्हणाल्या, "हा माणूस जगाला जागा देतो. मी कुठे बसू, हे एकदा विचारलं असतं तर मीही सरकले असते."

त्यानंतर काकू घरी आल्या, परत मंगळ-गुरु-शनि सुरू झालं. पाटी तशीच होती. मी मात्र दोन महिन्यांत कोथरूडला खोली घेतली. ऑफिस जवळ पडतं, असं सांगितलं. खरं कारण असं की रोज सकाळी माझ्या चपला वळवलेल्या असायच्या. त्या शनिवारनंतरही. एक दिवसही चुकला नाही. माझ्याच्याने ते बघवेना. मला वाटायचं, एकदा तरी फेकून द्या हो, गटारात टाका.

निघताना काकांनी माझी बॅग स्वतः रिक्षात ठेवली. "आमच्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर," म्हणाले. मी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही, रिक्षावाल्याला चला म्हटलं.

सहा महिन्यांनी स्नेहलने मेसेज केला, काकू गेल्या. त्या शनिवारमुळे गेल्या असं कोणी म्हणालं नाही. हा आजारच तसा असतो, हृदयावर ताण येत जातो, एक दिवस थांबतं. मीही इंटरनेटवर खूप वाचलं, कोणीतरी ठामपणे "नाही" म्हणावं म्हणून. कोणी ठामपणे काहीच म्हणत नाही. मी मातीला गेले नाही, ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती. काकांना हात जोडलेले दोन इमोजी पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "आपले आभार. तब्येत सांभाळा."

त्याला आठ महिने झाले. आणि आज गेले ते तरी कशासाठी, तर माझं एटीएम कार्ड चुकून जुन्या पत्त्यावर गेलं होतं. म्हणजे आजही माझंच काम होतं.

लांबूनच पाटी दिसली. पांढऱ्यावर लाल. "गाडी लावू नये. हवा सोडली जाईल." तेच अक्षर, तेच वळण, सगळ्या गल्लीत ओळखू येईल असं. मी अगदी जवळ जाऊन चारही कोपरे बघितले. मुंगीएवढं "कृपया" कुठेही नव्हतं.

गेटसमोर एकही गाडी नाही. कुत्रंही नाही. मी गेट उघडलं, चपला काढल्या, बेल मारली. काकांनी दार उघडलं, बारीक झालेत, दाढी वाढलीये. "या," म्हणाले. पाणी आणायला आत गेले, पण कार्ड घेऊनच बाहेर आले. पाणी विसरले असतील. पोर्चमध्ये त्या लाकडी घोड्यावर एक डबा होता, त्यात ब्रश उभा, लाल रंगात तसाच वाळून दगड झालेला. आतल्या भिंतीवर काकूंचा फोटो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, पाटी बदललीत."

"हो. आता लोक ऐकतात."

"कोणीच लावत नाही?"

"एकही नाही." मग गेटकडे बघत म्हणाले, "रोज सकाळी पावणेसातला बघतो मी. अगदी मोकळं असतं."

व्हॅनवर ताडपत्री घातलेली होती, चारी बाजूंनी दोरी बांधून.

मी म्हटलं, "काका, त्या शनिवारी नेटवर्क होतं. माझी चूक होती."

आणि मी थांबले. खरं सांगते, मी वाट बघत होते. मला पक्कं माहीत होतं ते काय म्हणणार. छे हो, माझंच चुकलं, मीच अजून एकदा वाजवायला हवं होतं. दोन वर्षं ऐकलेलं वाक्य. कार्डाचं निमित्त होतं, मी बहुतेक ते वाक्य घ्यायलाच गेले होते.

काका म्हणाले, "हो."

रागाने नाही. ओरडून नाही. कोणी "आज गुरुवार ना?" विचारलं तर म्हणतो तसं. "हो." आणि दाराला हात लावून उभे राहिले, मी निघायची वाट बघत.

मी वळले. माझ्या चपला मी काढल्या होत्या तशाच पडल्या होत्या, एक आडवी, दुसरीचं तोंड घराकडे. शेजारी त्यांच्या होत्या. त्यांच्यावर एवढी धूळ होती की बोट ओढलं असतं तर रेघ उठली असती. चर्चलाही जात नसतील. मला वाटलं, निदान त्यांच्या तरी वळवून ठेवाव्यात, गेटकडे. मी वाकलेही. पण कुठल्या तोंडाने वळवू? ते मागे उभे होते. मी नुसत्या माझ्या उचलल्या, हातात घेतल्या आणि गेटबाहेर येऊन घातल्या.

रसातला बर्फ विरघळून गेलाय. मी अजून इथेच आहे.

तुमच्या हातून झालंय का असं कधी? एखादा माणूस काही म्हणणार नाही, एवढ्यावर विसंबून तुम्ही घाट चढत राहिलात, असं? आणि झालं असेल तर पुढे काय केलंत, तेवढं सांगा. मला खरंच माहीत नाहीये.